सज्जनाची कबुली व दरोडेखोराचे बायबल



बोलपटांविषयी आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबांत सामान्यतः दोन टोकांची मते आढळतात. वडीलधारी मंडळी पडद्यावर दिसेल ते सारे सैतानाचे जाळे समजतात. उलट तरुण मंडळी करमणुकीत नीती-अनीती कसली पाहायची, असे विचारून मोकळी होतात. ख्रिस्तसभेने मात्र यांपैकी कोणतेही टोक गाठलेले नाही. परमगुरू अकरावे पायस यांनी १९३६ साली चित्रपटांविषयी विश्वपत्र लिहिले. परमगुरू बारावे पायस यांनी १९५७ साली चित्रपट, नभोवाणी व दूरचित्रवाणी या तिन्हींचा विचार मांडला. आणि १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने समाजसंपर्काच्या साधनांविषयी आपला आदेश प्रसिद्ध केला. त्या आदेशात एक मोठी मार्मिक गोष्ट सांगितली आहे. कलेत पापाचे चित्रण येऊच नये असे परिषद म्हणत नाही. त्या चित्रणाने मनुष्याच्या अंतःकरणाची ओळख अधिक खोल होत असेल व सत्य आणि चांगुलपणा अधिक उजळून दिसत असेल, तर ते उपकारकही ठरू शकते. मात्र ते नीतीच्या मर्यादेत राहिले पाहिजे.

ही मर्यादा ओळखायची कशी, हा प्रश्न पालकांपुढे आज पूर्वीपेक्षा अधिक निकडीचा आहे. पूर्वी जत्रेत तंबू उभा राहिला म्हणजेच गावकऱ्यांना सिनेमा दिसे. आज तो घरातल्या पोराच्या खिशातील फोनवर, रात्री पांघरुणाखालीही दिसतो. म्हणून यावेळी एका इंग्रजी बोलपटाच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करावा, असे आम्ही योजिले आहे. तो बोलपट म्हणजे 'थ्री टेन टू युमा', अर्थात युमा गावास जाणारी तीन वाजून दहा मिनिटांची आगगाडी.

एल्मोर लेनर्ड या अमेरिकन लेखकाने १९५३ साली एका मासिकात या नावाची लघुकथा लिहिली. १९५७ साली दिग्दर्शक डेल्मर डेव्ह्ज यांनी तीवरून कृष्णधवल बोलपट काढला. आणि पन्नास वर्षांनी, २००७ साली, जेम्स मॅनगोल्ड यांनी तोच बोलपट रंगीत स्वरूपात नव्याने निर्माण केला. कथानक थोडक्यात असे. ॲरिझोना प्रांतात बेन वेड नावाचा दरोडेखोर टपालगाड्या लुटत असतो. एका गावात तो पकडला जातो. त्याला कंटेन्शन या गावी नेऊन, तेथून सुटणाऱ्या तीन-दहाच्या गाडीत बसवून युमाच्या तुरुंगात पाठवायचे असते. त्याची टोळी मोकळी असल्याने हे काम करावयास कोणी धजत नाही. अखेर डॅन इव्हान्स नावाचा एक गरीब शेतकरी दोनशे डॉलरच्या मोबदल्यात ते पत्करतो. मग हॉटेलच्या एका खोलीत कैदी आणि पहारेकरी समोरासमोर बसून गाडीची वाट पाहत राहतात.

लेनर्ड यांच्या मूळ कथेत पहारेकरी हा सरकारी शिपाई होता. बोलपटकारांनी त्याच्या जागी कर्जात आणि दुष्काळात सापडलेला शेतकरी आणला. या बदलाने साहसाची साधी गोष्ट सदसद्विवेकाची गोष्ट झाली. शिपायाचे ते कामच असते. शेतकऱ्याला ते सोडून घरी जाण्याची मोकळीक असते, आणि ती त्याला पुनःपुन्हा देऊ केली जाते. हॉटेलच्या खोलीत बेन वेड त्याला लाच देऊ करतो आणि लाचेचा आकडा वाढवत नेतो. कोणाला कळणार नाही, बायकामुले सुखी होतील, असे तो गोड शब्दांत सांगतो. ज्याने पाऊस हुकलेल्या वर्षी सोसायटीच्या कर्जाचा हप्ता भरला आहे, त्याला या मोहाची धार समजावून सांगावी लागणार नाही.

१९५७ च्या बोलपटात ग्लेन फोर्ड यांनी दरोडेखोराचे, तर व्हॅन हेफ्लिन यांनी शेतकऱ्याचे काम केले आहे. फोर्ड यांचा वेड हसतमुख व मिठ्ठास आहे. हेफ्लिन यांच्या रुंद, थकलेल्या चेहऱ्यावर संसाराचे ओझे दिसते. त्या बोलपटात गावातील एक दारुडा शेतकऱ्याच्या मदतीस उभा राहतो व टोळीच्या हातून मारला जातो. पुढे टपालगाडीचा मालक स्वतःच माघार घेतो आणि ठरलेले पैसे देऊन इव्हान्सला मोकळे करतो. इव्हान्स तरीही जात नाही. एका दारुड्याने जे प्राण देऊन केले ते आपण अर्ध्यावर सोडून गेलो तर आपल्या गावात सभ्यपणे व शांतपणे जगण्याला अर्थ काय राहील, असा त्याचा विचार असतो. शेवटी तो आणि वेड दोघेही चालत्या गाडीत उडी घेतात. इव्हान्सने हॉटेलात आपले प्राण वाचवले होते, त्याची ही फेड, असे दरोडेखोर म्हणतो. आणि त्याच वेळी, दीर्घ अवर्षणानंतर, पाऊस कोसळू लागतो. रुळांच्या कडेला शेतकऱ्याची पत्नी त्या पावसात उभी असते. कृपेचे याहून सुबोध चित्र पडद्यावर क्वचितच पाहावयास मिळेल.

२००७ च्या बोलपटात हा पाऊस नाही. येथे सारेच अधिक कठोर व अधिक गुंतागुंतीचे आहे. डॅन इव्हान्स अमेरिकेच्या यादवी युद्धात एक पाय गमावून आलेला आहे. त्याचा धाकटा मुलगा क्षयाने आजारी आहे. ज्याच्याकडून कर्ज घेतले तो धनाढ्य माणूस रेल्वे येणार म्हणून जमीन बळकावू पाहतो, पाणी अडवतो आणि आपल्या माणसांकरवी इव्हान्सचा गोठा जाळतो. आणि या साऱ्याहून जड असे एक दुःख इव्हान्सच्या उरावर आहे. त्याचा चौदा वर्षांचा थोरला मुलगा विल्यम आपल्या बापाला भित्रा समजतो. उशाशी दरोडेखोरांच्या साहसाची पुस्तके ठेवणाऱ्या त्या मुलाच्या डोळ्यांत बेन वेडला पाहताच जी चमक येते, ती बापाला पाहून कधीच येत नाही.

रसेल क्रो या नटाने वेडचे काम अशा काही मार्दवाने केले आहे की प्रेक्षकही विल्यमच्याच वाटेने जाऊ लागतो. हा वेड ओरडत नाही, धमक्या देत नाही. तो पक्ष्याचे चित्र रेखाटतो, कैदी म्हणून शेतकऱ्याच्या घरी जेवायला बसला असता त्याच्या पत्नीशी अदबीने बोलतो, आणि प्रसंगोपात्त नीतिसूत्रांतील वचने तोंडपाठ म्हणून दाखवतो. त्याच्या पिस्तुलाच्या मुठीवर सोनेरी क्रूस जडवलेला आहे. ज्या क्रूसावर आमच्या प्रभूने शत्रूंसाठी क्षमेची याचना केली, तो मारेकऱ्याच्या मुठीत! हाच वेड आपल्याच टोळीतील एका सोबत्याला ठार करतो आणि लगेच बायबलातील वचन ऐकवतो. अरण्यात प्रभूला मोहात पाडण्यासाठी सैतानानेही पवित्र शास्त्राचाच आधार घेतला होता, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे.

तथापि हे बायबल त्याच्याजवळ आले कसे, हे ऐकले म्हणजे मन चरकते. हॉटेलच्या खोलीत वेड आपल्या बालपणीची हकीकत सांगतो. तो आठ वर्षांचा असताना त्याचा बाप दारूच्या एका घोटापायी मारला गेला. आईने त्याला आगगाडीच्या स्टेशनावर बसवले, हाती बायबल दिले, हे वाचत राहा म्हणाली आणि तिकिटे काढावयास म्हणून निघून गेली. मुलाने तीन दिवसांत ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढले. आई परत आली नाही. क्रो हे सारे इतक्या कोरड्या स्वरात सांगतो की त्यातूनच त्या जखमेची खोली कळते. या हकीकतीने वेडचे खून क्षम्य ठरत नाहीत. परंतु धर्मपुस्तक हाती देऊन प्रेम मात्र काढून घेतले तर ते पुस्तक पुढे कशाचे हत्यार होईल, हे तीतून दिसते. मुलाला रोझरीला बसवून आपण उठून जाणाऱ्या आईबापांनी या हकीकतीवर थोडा विचार करावा.

कायद्याची बाजू तरी निष्कलंक आहे काय? तीही नाही. वेडला पकडणाऱ्यांत बायरन मॅकेलरॉय नावाचा एक भाडोत्री रखवालदार आहे. पीटर फोंडा यांनी त्याचे काम करड्या तडफेने केले आहे. या माणसाने पूर्वी अपाची जमातीच्या बायकामुलांची कत्तल केलेली असते, आणि तिची आठवण त्याला करून देतो तो दरोडेखोरच. मार्गावरील एका छावणीत रेल्वेसाठी डोंगर फोडणारे चिनी मजूर राबताना दिसतात. कंटेन्शनला पोहोचल्यावर तर फारच विदारक दृश्य आहे. वेडचा उजवा हात चार्ली प्रिन्स भर रस्त्यात उभा राहून गावकऱ्यांना सांगतो की, वरच्या खोलीतील पहारेकऱ्यांपैकी एकाला जो मारील त्याला दोनशे डॉलर रोख. आणि कालपर्यंत दुकाने चालवणारे, गुरे राखणारे लोक बंदुका घेऊन पुढे येतात. येथे आकडा ध्यानात घ्यावा. इव्हान्सला कर्तव्यासाठी मिळणारे मोलही दोनशे डॉलरच होते. पैसा तेवढाच, एक माणूस त्याच्यासाठी प्राण पणाला लावतो, दुसरा त्याच्यासाठी शेजाऱ्याचा प्राण घेतो. नीती नाण्यात नसते, ते नाणे घेणाऱ्या हातात असते, हे एखाद्या प्रवचनाने इतके नेमके क्वचितच सांगितले असेल.

चार्ली प्रिन्सच्या भूमिकेत बेन फॉस्टर या नटाने जे दाखवले आहे तेही विचार करण्याजोगे आहे. हा चार्ली क्रूर आहे; जिवंत माणसाला तो बंद गाडीत जाळतो. पण त्याच्यासारखा एकनिष्ठ सेवक शोधून सापडणार नाही. आपल्या म्होरक्याला सोडवण्याखेरीज त्याला दुसरा ध्यास नाही. निष्ठा हा सद्गुण खरा. परंतु ती कोणाच्या पायाशी वाहिली हे न पाहिले तर तोच सद्गुण नरकाची वाट सुलभ करतो.

आता ख्रिश्चन बेल या नटाच्या इव्हान्सकडे वळू. बेल याने हा शेतकरी कृश, अबोल, नजर खाली ठेवून लंगडत चालणारा असा उभा केला आहे. क्रोच्या पुढे तो प्रथम फिका वाटतो. पण बोलपट पुढे सरकतो तसा हाच माणूस मनात घर करतो. त्याच्या मनात शुद्ध कर्तव्यबुद्धीच आहे असे मात्र नव्हे. त्याला पैसा हवा आहे, जमीन वाचवायची आहे, मुलाच्या डोळ्यांत मान मिळवायचा आहे. सर्वांनी साथ सोडल्यावर रेल्वे कंपनीचा माणूस त्याला दोनशे डॉलर घेऊन घरी जाण्यास सांगतो. तेव्हा तो आपल्या पत्नीसाठी हजार डॉलर, जमिनीसाठी पाणी व मुलाची सुखरूप सुटका मागून घेतो आणि काम पुरे करण्यास सिद्ध होतो.

मग स्टेशनकडे धावताना तो प्रसंग येतो, जो आमच्या मते या बोलपटाचा प्राण होय. मध्येच वेड पुढे जाण्यास नकार देतो व इव्हान्सचा गळा आवळतो. गळ्याभोवती ते हात असताना इव्हान्स आपले गुपित सांगतो. तो शूर वगैरे कधीच नव्हता. त्याने पाहिलेल्या एकमेव लढाईत त्याची तुकडी माघार घेत होती, आणि त्याचा पाय गेला तो आपल्याच पक्षाच्या माणसाच्या गोळीने. ही गोष्ट मुलाला कशी सांगायची, एवढेच त्याचे दुःख आहे. हे ऐकताच दरोडेखोराचे हात सैल पडतात. शौर्य, लाच व पिस्तूल यांना जे साधले नाही, ते एका दीन माणसाच्या खऱ्या कबुलीने साधते. साऱ्या बोलपटात हृदयाच्या तळापासून केलेली कबुली ही एकच आहे. ती वाईट माणसाने केलेली नाही, भल्या माणसाने केली आहे. पापनिवेदनाच्या जाळीपाशी येण्यास संकोचणाऱ्या आमच्या कर्त्या पुरुषांनी हा प्रसंग अवश्य ध्यानात ठेवावा. सत्य सांगितल्याने माणसाची किंमत कमी होत नाही. उलट तेथूनच ती वाढू लागते.

यापुढे वेड आपण होऊन इव्हान्ससह धावतो आणि गाडीत चढतो. तेवढ्यात चार्ली प्रिन्स इव्हान्सला गोळ्या घालतो. वेड खाली उतरतो, आपले पिस्तूल घेतो आणि चार्लीसह आपल्या सोबत्यांना ठार करतो. विल्यम मरणाऱ्या बापाला सांगतो की, तुम्ही त्याला गाडीत बसवलेत, तुम्ही काम पुरे केलेत. मग तो वेडवर पिस्तूल रोखतो. परंतु चाप ओढत नाही. वेड पुन्हा आपल्या पायांनी गाडीत चढतो. गाडी सुटते, तो शीळ घालतो, आणि त्याचा घोडा कान टवकारून गाडीच्या मागे धावू लागतो. युमाच्या तुरुंगातून हा मनुष्य पूर्वी दोनदा पळालेला आहे, हे त्याने आधीच सांगून ठेवले आहे.

मग प्रश्न उरतो की बेन वेडला पश्चात्ताप झाला काय? अनेक प्रेक्षक डोळे पुसत 'होय' म्हणतील. आम्हांस तसे म्हणता येत नाही. पश्चात्तापास पापाचे दुःख लागते, पुन्हा न करण्याचा निश्चय लागतो आणि झालेल्या हानीची भरपाई लागते. वेडच्या हातून घडले ते सूडाचे आणखी काही खून. कालवारीवरील पश्चात्तापी चोराशी त्याची तुलना करून पाहावी. लूककृत शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात तो चोर आपल्या सोबत्याला ठार करीत नाही, त्याची कानउघाडणी करतो. आपली शिक्षा न्याय्य आहे असे कबूल करतो. आणि प्रभूकडे केवळ आठवणीची भीक मागतो. वेडने कशाचीच कबुली दिली नाही. उलट विल्यम त्याला तुमच्यात चांगुलपणा आहे असे म्हणतो, तेव्हा तो ते साफ नाकारतो व आपण आतून पूर्ण नासलेलो नसतो तर असल्या टोळीचा नायक क्षणभरही राहिलो नसतो, असे सांगतो.

परंतु एवढ्यावरच निकाल देऊन उठणे हेही ख्रिस्ती दृष्टीस शोभणार नाही. त्या माणसाने आयुष्यात एकदा, स्वतःचा काही लाभ नसताना, दुसऱ्याच्या लेकरासाठी पायउतार होऊन गाडीची वाट धरली. देवाची कृपा दारावर ठोठावते तेव्हा दार लगेच सताड उघडते असे नाही. कधी ते फक्त किलकिले होते. पुढे ते उघडले की मिटले, हे बोलपट सांगत नाही, आणि तो निवाडा आमचाही नव्हे. कृत्याला पाप म्हणावे व माणसाची आशा सोडू नये, ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात. आणि ज्यास ती जड वाटतात त्याने हा बोलपट पुन्हा एकदा विचारपूर्वक पाहावा.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. इव्हान्सने केले ते योग्य काय? त्याची पत्नी विधवा झाली, आजारी मुलगा पोरका झाला. कर्तव्य की अभिमान? दोन्हींचे मिश्रण होते, असे आम्हांस वाटते. आणि आपणां सर्वांची सत्कृत्येही बहुधा अशीच मिश्र असतात. शेतात राबणारा बाप पोटासाठी राबतो, मुलांसाठी राबतो, आणि शेजाऱ्यापुढे मान खाली जाऊ नये म्हणूनही राबतो. देव या राशीतून धान्य निवडून घेतो व भुसा उडवून देतो. इव्हान्सच्या राशीत धान्य होते याचा पुरावा म्हणजे विल्यम. बापाचा मारेकरी ज्याच्यामुळे तेथवर आला, तो माणूस पिस्तुलाच्या टोकाशी असताना त्या मुलाने पिस्तूल खाली केले. दरोडेखोराचा चाहता असलेला पोरगा त्या क्षणी बापाचा मुलगा झाला. जमीन, पाणी आणि हजार डॉलर यांपेक्षा हा वारसा मोठा होय.

आता पालकांसाठी दोन शब्द. या बोलपटात रक्तपात पुष्कळ व भाषा ठिकठिकाणी असभ्य आहे. अमेरिकेत सतरा वर्षांखालील मुलांस तो वडीलधाऱ्यांच्या सोबतीनेच पाहण्याची मुभा आहे. तीच मर्यादा आमच्याही घरांत पाळावी. लहान मुलांसाठी तो मुळीच नव्हे. कुटुंबास एकत्र पाहावयाचा असल्यास १९५७ चा जुना बोलपट बरा. मोठ्या मुलांबरोबर नवा पाहिलात तर मध्येच थांबवून उपदेश करू नका. संपल्यावर एकच प्रश्न विचारा : तुला यांतला कोण आवडला, आणि का? बहुतेक मुले वेडचे नाव घेतील. त्यांच्यावर रागावू नका. १९७५ साली 'शोले' आला तेव्हा गब्बरसिंगाचे संवाद आपल्याकडेही पोरासोरांस तोंडपाठ झाले होते. चतुर नटाच्या मुखातून पाप गोड वाटते, हे कळणे हाच धड्याचा पहिला भाग. ज्याच्याकडे पाहून विल्यम अखेर शहाणा झाला तो माणूस कोणता, हा दुसरा भाग. तेथवर मुलाला स्वतःच्या बुद्धीने पोहोचू द्यावे.

आणि ज्या बापांना आपल्याजवळ मुलांना दाखवण्याजोगे काही नाही असे वाटते, त्यांच्यासाठी एवढेच. डॅन इव्हान्सजवळही एक लाकडी पाय, जळका गोठा आणि एक लाजिरवाणी आठवण यांखेरीज काही नव्हते. आपली मुले आपल्या बोलण्यापेक्षा आपली पावले अधिक लक्षपूर्वक पाहत असतात. सर्वांनी पाठ फिरवली त्या दिवशी आपले वडील कोणत्या दिशेने चालले होते, हे ती जन्मभर विसरत नाहीत. ती दिशा नीट राखण्याचे बळ पवित्र कुटुंबाचा रक्षक संत योसेफ आमच्या घराघरांतील पित्यांस मिळवून देवो, हीच प्रार्थना.